मधल्या नावाचं माणूस



महिन्याभरापूर्वी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "बाई, पत्रिका छापायला टाकायची आहे. तुमचं मधलं नाव काय घालू? वडिलांचं की साहेबांचं?" मी म्हटलं, "उद्या सांगते."

चौतीस वर्षं मी डोंबिवलीत शाळेत शिकवलं. रोज सकाळी हजेरी घेतली. दर जूनमध्ये जनरल रजिस्टरमध्ये नवी नावं चढवली, दर एप्रिल-मे महिन्यात शाळा सोडल्याचे दाखले तपासून त्यावर सही केली. हजारो मुलांची मधली नावं माझ्या हातून लिहून झाली. आणि माझं स्वतःचं मधलं नाव सांगायला मला एक रात्र लागली. त्या रात्री जे जे मनात आलं, ते आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

आधी एक साधी गोष्ट बघा. बाळाचं बारसं होतं. पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. जुन्या पद्धतीच्या घरात तर चार-चार नावं ठेवतात : देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं. आठवडाभर घरात नावावरून चर्चा चाललेली असते. पण मधलं नाव कोण ठेवतं? कोणीच नाही. त्याची चर्चा होत नाही, ते पाळण्यात म्हणत नाहीत, त्यासाठी पंचांग उघडत नाहीत. ते बाळाच्या आधीपासून तिथे असतंच.

आपल्या पूर्ण नावात तीन शब्द. पहिला आपला. शेवटचा कुळाचा, गावाचा, कधी धंद्याचा, म्हणजे शेकडो लोकांचा. मधला मात्र एका माणसाचा. हाडामांसाच्या, ठरावीक, एकाच माणसाचा. आपल्या नावात एक दुसरं माणूस राहतं. मला आज त्या माणसाबद्दल बोलायचं आहे. ते माणूस कोण असतं? ते तिथे का असतं? आणि ते तिथे कोणी बसवलं?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या तीन शहरांतल्या नाट्यगृहांपासून सुरुवात करू. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ साली उभं राहिलेलं राम गणेश गडकरी रंगायतन. कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं नाट्यगृह. गडकऱ्यांचं नाव आपण कधीही 'राम गडकरी' असं घेत नाही. जीभ वळतच नाही. राम गणेश गडकरी म्हटलं की ते नाव पुरं झालं. अत्र्यांच्या पाटीवर 'आचार्य' आहे, पण पुस्तकावर प्र. के. अत्रे : प्रल्हाद केशव. आणि सावित्रीबाईंचं पूर्ण नाव? सावित्रीबाई जोतीराव फुले. तिन्ही पाट्यांमागे एकेक मधलं माणूस उभं आहे : गणेश, केशव आणि जोतीराव. दोन वडील आणि एक नवरा. हा फरक लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

मधलं नाव आपल्याकडे आलं कशासाठी? पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. पेशव्यांचंच घर घ्या. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव. बाजीरावांच्या मुलाला आजोबांचं नाव, म्हणजे पुन्हा बाळाजी. आता दोन बाळाजींमधला कुठला हे कसं सांगायचं? पहिले बाळाजी विश्वनाथ, दुसरे बाळाजी बाजीराव. थोरले माधवराव हे माधवराव बल्लाळ, कारण बल्लाळ म्हणजे बाळाजी. आणि सवाई माधवराव हे माधवराव नारायण. दोन्ही पेशवे, दोन्ही माधवराव, दोन्ही भट. त्यांना वेगळं करतो तो मधला शब्द. वर्गात एकाच नावाची तीन मुलं असली की आम्ही शिक्षकही हेच करतो. मधलं नाव पुकारतो आणि बरोबर एकच हात वर होतो.

पण नुसत्या ओळखीसाठी असतं तर एखादा आकडाही चालला असता. वडिलांचं नाव घालणं म्हणजे दुसऱ्या माणसाची साक्ष काढणं. शिवाजी महाराजांची राजमुद्रा आठवा. राज्य स्वतः उभं करणाऱ्या पुरुषाची ती मुद्रा, आणि तीत तो सांगतो की ही शहाजीच्या पुत्राची, शिवाची मुद्रा आहे. आपल्या गावात अजूनही अनोळखी पोराला हटकताना म्हातारी माणसं "तुझं नाव काय" असं विचारत नाहीत. विचारतात, "कुणाचा रे तू?" मधलं नाव हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आणि आपल्या गुजराती, पारशी शेजाऱ्यांकडेही हीच रीत आहे, हे जाता जाता सांगते. मोहनदास करमचंद, फिरोजशहा मेरवानजी. दादाभाई नौरोजींचं तर वडिलांचंच नाव जगाने आडनाव म्हणून लक्षात ठेवलं.

आता मला ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त प्रेम आहे, तिथे येते. मराठी लेखकांनी या मधल्या नावाचं काय केलं?

डोंबिवलीत शं. ना. नवरे राहायचे. शंकर नारायण. अख्खं गाव, अख्खा महाराष्ट्र त्यांना 'शन्ना' म्हणायचा. त्यातला 'ना' कोण? त्यांचे वडील. पु. ल. देशपांड्यांना आपण 'पुलं' म्हणतो, त्यातला 'ल' म्हणजे लक्ष्मण, त्यांचे वडील. व. पु. काळ्यांच्या 'वपु'मधला 'पु' म्हणजे पुरुषोत्तम, नाटकांचे पडदे रंगवणारे त्यांचे वडील. 'गदिमा'तला 'दि' म्हणजे दिगंबर. डोंबिवलीतच राहिलेले पु. भा. भावे, त्यांच्यातले 'भा' म्हणजे भास्कर. लाडाने, एका दमात, दोन अक्षरांत आपण बापलेकाला एकत्र हाक मारतो. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यातली माया आता जाणवतही नाही. लेखक आपल्याला पाठ असतो, आणि त्याच्या बापाचं एक अक्षर नकळत आपल्या तोंडी बसतं.

आणि टोपणनावं! कृष्णाजी केशव दामले यांनी कवितेसाठी नाव कुठलं घेतलं? केशवसुत. केशवचा मुलगा. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात ज्यांच्यापासून मानतो, ज्यांनी जुनं मोडायची हाक दिली, त्यांनी स्वतःचं पहिलं नाव सोडलं, आडनाव सोडलं, आणि फक्त मधलं नाव ठेवलं. त्यांच्यानंतर राम गणेश गडकरी कविता लिहू लागले, तेव्हा त्यांनी घेतलं गोविंदाग्रज. गोविंदाचा मोठा भाऊ. गोविंद हा त्यांचा धाकटा भाऊ. आणि मग शिरवाडकर. त्यांनी घेतलं कुसुमाग्रज, आपल्या एकुलत्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून.

बाप, मग भाऊ, मग बहीण. तीन मोठे कवी आणि नावात बसवलेली तीन माणसं. यांना कोणी सक्ती केली होती का? कुठला फॉर्म भरायचा होता का? नाही. नाव निवडायची पूर्ण मोकळीक मिळाल्यावरही मराठी कवीला एकट्याचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. नावात दुसरं कुणीतरी हवं होतं. आणि ते बापच असलं पाहिजे असंही त्यांना वाटलं नाही. आपला एक थोर कवी आयुष्यभर एका बहिणीचा भाऊ म्हणून ओळखला गेला. २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्या दिवशी शाळाशाळांच्या फळ्यावर एका मुलीचं नाव लिहिलं जातं, हे मुलांना आवर्जून सांगावं.

शिरवाडकरांचीच आणखी एक गोष्ट. ते जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांनी, वामनरावांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते विष्णू वामन झाले. दत्तक म्हणजे काय, तर मधलं नाव बदलणं. आपल्याकडे माणसाचं पूर्ण नशीब या एका शब्दाने फिरायचं. पण मला आज दत्तकाची वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मी पुन्हा डोंबिवलीच्या त्या नाट्यगृहाच्या पाटीकडे येते.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळाला मारू नये, एवढ्यासाठी. त्या काळातल्या अशा बाळाचा विचार करा. त्याला पहिलं नाव कोणीही ठेवील. पण मधलं? ते कुठून आणायचं? काशीबाई नावाची एक विधवा अशीच आली. तिच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतलं. त्याचं नाव झालं यशवंत जोतीराव फुले. पुढे तो डॉक्टर झाला. जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा प्लेगच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर हाच मुलगा होता.

श्रोतेहो, जोतीरावांनी कितीतरी दिलं. शाळा दिल्या, घरचा पाण्याचा हौद खुला केला. पण ज्या पोराच्या नावात मधली जागा रिकामी होती, तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, याहून मोठं दान मला ठाऊक नाही. ज्या समाजात "कुणाचा रे तू?" हा पहिला प्रश्न असतो, त्या समाजात त्यांनी एका मुलाला सांगितलं : सांग, मी जोतीरावाचा.

मधलं नाव म्हणजे आपल्यासाठी उभं राहिलेलं माणूस. त्या रात्री मला हेच उमगलं. आणि एकदा हे उमगलं, की जुन्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागतात. संत एकनाथ लहानपणीच आईवडिलांना पारखे झाले. आजोबांनी वाढवलं. मग देवगिरीवर जनार्दनस्वामी गुरू भेटले. आणि एकनाथांच्या अभंगांची मुद्रा काय? एका जनार्दनी. वडिलांचं नाव सूर्यनारायण, पण मधल्या जागेवर गुरू येऊन बसले, आणि वारकऱ्यांनी साडेचारशे वर्षं ते नाव तसंच म्हटलं. बाबासाहेबांच्या नावातला 'रामजी' घ्या. २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारने कागदपत्रांत भीमराव रामजी आंबेडकर असं पूर्ण नाव लिहायचं ठरवलं, तेव्हा तिकडे वाद झाला, कारण तिकडे मधल्या नावाची आपल्यासारखी रीत नाही. आपल्याला त्यात वेगळं काय वाटणार? आपल्याला तो रामजी देव म्हणून माहीतच नाही. आपल्याला ते सुभेदार रामजी सकपाळ म्हणून माहीत आहेत, पोराच्या पुस्तकांसाठी पैसे उभे करणारे, त्याला पहाटे अभ्यासाला उठवणारे.

आता दुसरी बाजू. ती मांडल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

कल्याणची एक मुलगी. १८६५ चा जन्म. नाव यमुना. वडील गणपतराव जोशी. म्हणजे यमुना गणपतराव जोशी. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा पोस्टात नोकरीला, वयाने खूप मोठा, गोपाळराव जोशी. आडनाव माहेरीही जोशी, सासरीही जोशी. ते बदलायची गरज नव्हती. पण यमुनाची आनंदी झाली आणि गणपतरावांच्या जागी गोपाळराव आले. कल्याणातल्या या मुलीच्या नावाचं जन्मापासून टिकलं ते फक्त आडनाव, तेही योगायोगाने.

ती पुढे अमेरिकेला गेली. १८८६ साली डॉक्टर झाली. १८८७ च्या फेब्रुवारीत गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिच्या अस्थी अमेरिकेत पाठवल्या, ज्या कार्पेंटरबाईंनी तिला मुलीसारखं सांभाळलं होतं त्यांच्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या. तिथल्या दगडावर नाव आहे आनंदीबाई जोशी, एम. डी. मधलं नाव नाही. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलंय, तिथे तर फक्त जोशी. आणि आपण मराठीत तिच्यावर कादंबरी लिहिली, श्री. ज. जोशींनी, तिचं नाव आनंदी गोपाळ. गोपाळरावांनी तिला शिकवलं, हट्टाने शिकवलं, त्यांचं नाव तिच्या नावाला लागलं हे खोटं नाही. ते तिच्यासाठी उभे राहिले, कधी प्रेमाने, कधी फार कठोरपणे. पण ती यमुना कुठे गेली? तिला घरात हाक मारणाऱ्या आईची ती मुलगी कुठे गेली?

आपल्यापैकी बहुतेक घरांत हे ताटातल्या तांदळावर झालेलं आहे. लग्न लागतं, नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत येते, लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात. नवरा सोन्याच्या अंगठीने किंवा विड्याच्या देठाने त्यात नाव लिहितो. सगळ्या बायका वाकून बघतात. साखर वाटतात. मी त्या ताटासमोर बसले होते तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला नीट आठवतंय, तांदूळ फार बारीक होते आणि अक्षर काढताना कडेला थोडे सांडले. सासूबाईंनी ते लगेच गोळा करून ताटात टाकले आणि हाताने ताट हलवून सारखं केलं. नाव पुसलं गेलं. पण तोवर ते माझं झालं होतं. रागाने सांगत नाही मी हे. मला त्या नावाने सुखाचे दिवस दाखवले. पण कायद्याने नाव बदलायची सक्ती कधीच नव्हती, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि म्हणून मी म्हटलं, तिन्ही नाट्यगृहांच्या पाट्यांमागचा फरक लक्षात ठेवा. गडकऱ्यांना आणि अत्र्यांना वडिलांचं नाव जन्मभर राहिलं. सावित्रीबाईंचे वडील खंडोजी नेवसे पाटील, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचे. त्यांचं नाव आज किती जणांना चटकन सांगता येईल?

मग आईचं नाव का नाही? हा प्रश्न आजचा नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या राणीचा लेख आहे. आपल्या मुलाचं कौतुक तिने दगडात कोरून ठेवलंय. तो मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. बाप-लेक दोघे राजे, पण दोघांची ओळख आईवरून. गौतमी, वासिष्ठी ही आयांच्या माहेरच्या गोत्रांची नावं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या घराण्यात आईच्या माहेराला मुलाच्या नावात जागा होती. त्याच काळात आपलं कल्याण मोठं बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. दान देताना त्यांनाही आपली माणसं दगडावर आणावीशी वाटली.

मग मधे काय झालं? सगळा इतिहास सांगायला इथे वेळ नाही. एवढंच सांगते की साने गुरुजी जन्मभर पां. स. साने राहिले. पांडुरंग सदाशिव. महाराष्ट्राला आईचं सगळ्यात मोठं पुस्तक त्यांनी दिलं, नाशिकच्या तुरुंगात बसून. त्यावर अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. श्यामची आई आपल्या सगळ्यांची आई झाली. पण मुखपृष्ठावर लेखकाच्या नावात आई नव्हती. असायची पद्धतच नव्हती.

ही पद्धत आता हलली आहे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं की आईसुद्धा मुलाची नैसर्गिक पालक आहे. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टसाठी एकाच पालकाचं नाव पुरेसं झालं. २०१८ च्या अखेरीस पॅनकार्डसाठी, आई एकटी पालक असेल तर वडिलांच्या नावाची अट गेली. आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर असं लिहायचं : आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मधल्या जागेत आता दोन माणसं. ती मुलं आता तुमच्या-आमच्या वस्तीतल्या पाळणाघरांत आणि बालवाड्यांत आहेत. पुढे जून महिन्यात त्यांची हजेरी घेणाऱ्या शिक्षिकेला दर नावाला एक श्वास जास्त लागेल. मी त्या जागी असते तर आनंदाने घेतला असता.

तरी एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईसाठी जुनीच पद्धत चालू ठेवली आहे : तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मग २०२४ साली जन्मलेली मुलगी लग्न करील, तेव्हा तिच्या नावातली आई कुठे जाईल? पुन्हा त्या तांदळाच्या ताटात?

या नियमाच्या फार आधीची एक गोष्ट सांगते. शाळेचं नाव घेत नाही. प्रवेशाचे दिवस होते. एक तरुण आई खिडकीशी उभी होती, मुलीचा हात धरून. कारकुनाने विचारलं, "वडिलांचं नाव?" ती गप्प. त्याने पुन्हा विचारलं, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. ती हळूच म्हणाली, "माझं लिहा." त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तसा रकाना नाही." मुलगी वर आईच्या तोंडाकडे बघत होती. मी आत होते, मला उठून जायला थोडा वेळ लागला, आणि त्या थोड्या वेळाची मला आजही खंत वाटते. त्या बाईने एकटीने त्या मुलीला वाढवलं, रात्री शिलाई मशीन चालवली, सकाळी डबे करून दिले. त्या मुलीसाठी कोण उभं होतं? नावातल्या मधल्या जागेवर हक्क कोणाचा होता? आणि त्या जागेवर तिला लिहायला नकार देणारा रकाना कोणी आखला होता?

रकान्यांवरून आठवलं. आपली ही शहरं गिरणगावातून, कोकणातून, देशावरून, केरळ-तमिळनाडूतून, उत्तरेतून आलेल्या माणसांनी भरली. तमिळ घरातल्या मुलाला बऱ्याचदा आडनावच नसतं. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःचं नाव, झालं. आमच्या फॉर्मला मात्र तीन खण हवेत. मग वडिलांचं नाव आडनावाच्या खणात जातं. पुढच्या पिढीत मुलाच्या वडिलांचं नाव तिथे जातं. एका घरात आजोबा, बाप, नातू अशी तीन आडनावं होतात. उत्तरेकडून आलेल्या मुलाच्या नावात 'कुमार' किंवा 'प्रसाद' असतो, तो त्याच्या नावाचाच भाग असतो, पण इथल्या शाळेत वडिलांचं नाव मधे घुसतं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तो मुलगा महाराष्ट्राच्या पद्धतीचा होऊन बाहेर पडतो. मला यात वाईट वाटत नाही. पण पुढे पासपोर्ट काढताना, गावची जमीन नावावर करताना त्या पोरांनी राजपत्राच्या आणि प्रतिज्ञापत्राच्या ज्या खेपा घातल्या, त्या मी पाहिल्या आहेत. शिक्षकांनी, कारकुनांनी रकाना भरण्याआधी एकदा विचारावं : तुमच्याकडे नाव कसं लिहितात? एवढं विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही.

बरं, त्या फोनकडे परत येते. रात्री झोप येईना, म्हणून मी माळ्यावरचं एक पितळी भांडं काढलं. माझ्या आजीची, आईच्या आईची, कळशी. तिला लग्नात माहेरून मिळालेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. कासार छोट्या पोगराने टिंबं टिंबं ठोकून अक्षरं काढायचा. चिंच लावून कळशी घासली. गळ्याजवळ तीन अक्षरं निघाली. पहिलं अक्षर तिच्या माहेरच्या नावाचं. ते नाव आईने मला सांगितलेलं होतं. शेवटचं माहेरच्या आडनावाचं. तेही माहीत होतं. मधे होतं 'रा.'

रा. म्हणजे कोण? रामचंद्र? राघोबा? राजाराम? रावजी? माझे पणजोबा, ज्यांनी पैसे साठवून मुलीला ती कळशी दिली. लग्नाच्या दिवशी तिच्या सगळ्या कागदांतून त्यांचं नाव निघून गेलं आणि फक्त त्या भांड्यावर अर्धं राहिलं. मी मामेभावाला फोन केला. त्याला माहीत नव्हतं. आई नाही, मामा नाहीत, मावशी गेल्या वर्षी गेली. सांगणारं कोणीही उरलेलं नाही. चौतीस वर्षं मी लोकांची मधली नावं शाईने लिहिली, आणि माझ्या आजीचं मधलं नाव मला कधीच कळणार नाही.

सकाळी मी कार्यकर्त्यांना फोन केला आणि सांगितलं, माझ्या नावापुढे आईचं लिहा, मग वडिलांचं, मग यजमानांचं, मग आडनाव. ते म्हणाले, बाई, एका ओळीत बसणार नाही. मी म्हटलं, दोन ओळी करा. तुमच्या हातातल्या पत्रिकेवर ते दोन ओळींत आहे.

आता माझी एक विनंती. आज घरी गेल्यावर, उशीर झाला असला तरी, माळ्यावरची जुनी भांडी खाली काढा. गळ्याजवळची, कडेची अक्षरं वाचा. आणि घरात जी सगळ्यात म्हातारी बाई असेल, आजी, आत्या, मावशी, सासूबाई, तिच्याजवळ बसून विचारा : यातलं मधलं अक्षर कुणाचं? तिने सांगितलेलं नाव पूर्ण लिहून ठेवा. उद्यावर टाकू नका.